एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आपल्याकडे अपूर्णांकांचेही पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतिनाचा पाढा मुलांकडून घोकून घेणारे मास्तर आज विक्षिप्त वाटतील, पण रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तोवर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा ह्यांच्यावाचून दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती. ह्या यादीत सप्तमांशाचा पाढा मात्र नाही. आठवड्याला वार सात, तरी नाही. साताने भागायला गेलं की बाजाराचा हिशोब मोडतो. रुपया सात जणांत वाटून पाहा. सोळा आणे पुरत नाहीत, एकशे ब्याण्णव पै पुरत नाहीत, नंतर आलेले शंभर नवे पैसेही पुरत नाहीत. दर वेळी हातात दोन-तीन नाणी उरतातच. व्यवहारी माणूस ती कुणाच्या तरी नावावर टाकतो आणि उठतो. ज्याला उठायची घाई नाही त्याच्यासाठी खरी गंमत त्या उरण्यातच आहे.

हा भागाकार कागदावर करावा. आठ आकडी कॅल्क्युलेटर ०.१४२८५७१ एवढं दाखवतो आणि गप्प बसतो; आत काय घडलं ते कागदच सांगतो. एकाला साताचा भाग जात नाही, म्हणून शून्य घेऊन दहा. सात एके सात, बाकी तीन. तीस: सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. वीस: सात दुणे चौदा, बाकी सहा. साठ: सात आठे छप्पन्न, बाकी चार. चाळीस: सात पंचे पस्तीस, बाकी पाच. पन्नास: सात साते एकोणपन्नास, बाकी एक. एक उरला म्हणजे निघालो तिथेच परत आलो. बाकी साताहून लहान हवी आणि इथे ती शून्य कधीच होत नाही, म्हणजे तिला फिरायला एक ते सहा एवढ्याच जागा. त्या सहाच्या सहा जागा ती एकेकदा हिंडून येते, एकही चुकवत नाही. ती हिंडत असताना वर भागाकारात उतरलेले आकडे असे: १, ४, २, ८, ५, ७. पुढे कितीही वेळ बसलात तरी तेच.

ते सलग लिहिले की होतात एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

ही संख्या शाळेत प्रत्येकाला भेटून गेलेली असते, ओळख न देता. वर्तुळाची गणितं सुरू झाली की पायची किंमत बावीस सप्तमांश घ्या असं सांगितलं जातं. त्याचा दशांश केला तर ३.१४२८५७१४२८५७ असा चालत राहतो. खरा पाय ३.१४१५९ असा जातो, म्हणजे दोघांची सोबत दोन दशांशस्थळांपुरतीच. पाय हा तीन पूर्णांक एक सप्तमांशाहून किंचित कमी असतो हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दाखवून दिलं होतं. आपण तो किंचितपणा सोडून दिला आणि गोल हौद, विहिरीचे काठ, खुंट्याला बांधलेल्या गाईनं चरलेलं कुरण, सगळं ह्या सहा आकड्यांच्या भरवशावर मोजलं.

आता तिला गुणून पाहू. दोनाने गुणलं की २,८५,७१४. तिनाने ४,२८,५७१. चाराने ५,७१,४२८. पाचाने ७,१४,२८५. सहाने ८,५७,१४२. आकडे तेच, त्यांचा क्रमही तोच. फक्त पहिला मान कुणाचा ते बदलतं. गोल बसलेल्या पंगतीत वाढपी दर खेपेला वेगळ्या पाटापासून सुरुवात करतो आणि कुणाचाच शेजार बदलत नाही, तसं. साताने गुणलं की मात्र पंगत उठते: ९,९९,९९९.

ह्यात जादू वाटते ती भागाकार डोळ्यांसमोर नसतो म्हणून. दोन सप्तमांश काढायचे म्हणजे बाकी दोन जिथे आली होती तिथून तोच भागाकार पुढे चालवायचा. सहाही बाक्या एकाच कड्यात ओवलेल्या असल्यामुळे कुठल्याच सप्तमांशाला स्वतंत्र वाट मिळत नाही. तेराच्या घरी असं होत नाही. एक त्रयोदशांश ०७६९२३ हे आकडे घेऊन फिरतो, दोन त्रयोदशांश १५३८४६ हे. बारा बाक्यांची दोन कडी होतात, सहा ह्यात आणि सहा त्यात, आणि एका कड्यातून दुसऱ्यात जायला रस्ता नाही.

स्वल्पविराम आपण १,४२,८५७ असा देतो. पाश्चात्त्य रीतीने तो हजारांपाशी एकदाच पडतो, १४२,८५७ असा, आणि ह्या एका संख्येपुरती त्यांची रीत जास्त डोळस म्हणायला हवी. कारण १४२ आणि ८५७ मिळून बरोबर ९९९ होतात. दोन-दोनाचे तुकडे पाडले तर चौदा, अठ्ठावीस आणि सत्तावन्न मिळून नव्व्याण्णव. मिडी नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १८३६ साली अशा अर्ध्या-अर्ध्या बेरजांचं प्रमेय प्रसिद्ध केलं. त्याचंही मूळ बाक्यांतच आहे. क्रमाने त्या लिहा: १, ३, २ आणि पुढे ६, ४, ५. पहिली नि चौथी मिळून सात, दुसरी नि पाचवी मिळून सात, तिसरी नि सहावी मिळून सात. अर्धी वाट चालून झाली की उरलेली अर्धी तिची भरपाई करत येते.

नवी संख्या हातात आली की तिचं कूळ विचारायची माणसाची खोड जुनी आहे. इसवी सन १०० च्या आसपास जेरासाच्या निकोमॅकसने संख्यांची तीन घराणी मांडली. संख्येचे तिच्याहून लहान असे सगळे विभाजक घ्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण: सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, आठ हजार एकशे अठ्ठावीस. जास्त आली तर अधिक, कमी आली तर उणी. एवढ्यावर न थांबता त्याने ह्या घराण्यांना शीलही चिकटवलं. अधिक संख्या त्याला जादा अवयव फुटलेल्या प्राण्यांसारख्या वाटत, उण्या संख्या एका डोळ्याच्या किंवा एका हाताच्या. त्याने ही विभागणी सम संख्यांपुरती केली होती, आज आपण ती सगळ्यांनाच लावतो. विषम संख्यांत पहिली अधिक संख्या गाठायला थेट ९४५ पर्यंत जावं लागतं.

आपल्या संख्येचे मूळ अवयव आहेत तीन, तीन, तीन, अकरा, तेरा आणि सदतीस. विभाजक एकूण बत्तीस. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १,१२,५०३ भरते, म्हणजे निकोमॅकसच्या वहीत ही तीस हजारांहून जास्त रकमेने उणी. विषम असल्यामुळे एका डोळ्याच्या दूषणातून ती वाचली एवढंच.

तिला गोमटी नावं मिळाली ती नाशिकजवळच्या देवळालीतून. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्याला शाळेत गेले, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदवीच्या पुढे त्यांचं शिक्षण गेलं नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत होते आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत होते. ६१७४ ह्या त्यांच्या संख्येबद्दल त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. मार्टिन गार्डनरने १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जग देवळालीकडे वळलं. तोवर त्यांनी संख्यांच्या कितीतरी नव्या जाती पाडून ठेवल्या होत्या. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर सुचल्या म्हणून त्या स्टेशनाच्या नावाच्या डेम्लो संख्या, आकड्यांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या, आणि त्यांचं स्वतःचं नाव मिळालेली कापरेकर संख्या.

१,४२,८५७ ला त्यांच्या दारात उभी करू. आकड्यांची बेरीज सत्तावीस, आणि सत्तावीसने भागलं की ५,२९१, बाकी शून्य. म्हणजे हर्षद. कापरेकर संख्येची अट थोडी कडक आहे. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्यांची बेरीज पुन्हा मूळ संख्या यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस, पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आपल्या संख्येचा वर्ग येतो २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा आकडे तोडा. २०,४०८ आणि १,२२,४४९ ह्यांची बेरीज १,४२,८५७.

इथे टाळी वाजवून पुढे जाता येतं, पण क्षणभर थांबलं तर कारणही सापडतं. संख्येतून एक वजा करा. १,४२,८५६ ला साताने नि:शेष भाग जातो आणि २०,४०८ येतात. तेव्हा १,४२,८५७ गुणिले १,४२,८५६ ह्यातला सात उजवीकडून काढून डावीकडे दिला की डावीकडे ९,९९,९९९ होतात आणि उजवीकडे २०,४०८ राहतात. वर्ग म्हणजे ह्या गुणाकारात १,४२,८५७ आणखी एकदा मिळवायचे. थोडक्यात, वर्गाला ९,९९,९९९ ने भागलं तर बाकी १,४२,८५७. आणि सहा-सहा आकड्यांचे तुकडे करून बेरीज घेणं म्हणजे ९,९९,९९९ ने भागून बाकी पाहणंच, जसं आकड्यांची बेरीज घेणं म्हणजे नवाचा ताळा पाहणं. पुन्हा बाकीच.

कापरेकरांची आणखी एक जात आहे, सेल्फ नंबर. आपण स्वयंभू म्हणू. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा: २१ मध्ये तीन मिळवले की २४, तेव्हा २४ ची जननी २१. जिला अशी जननीच नाही ती स्वयंभू. १,४२,८५७ ला जननी असेल का? नवाच्या ताळ्याने पाहिलं तर जननीच्या आकड्यांची बेरीज नवाच्या पटीत हवी, आणि ह्या पट्ट्यात ती अठरा किंवा सत्तावीस एवढीच असू शकते. अठरा धरली तर जननी १,४२,८३९. पण हिच्या आकड्यांची बेरीज सत्तावीस आहे. सत्तावीस धरली तर जननी १,४२,८३०. आणि हिची बेरीज अठरा! एकीला हवी ती बेरीज दुसरीकडे आहे. एक १,४२,८६६ ला जन्म देते, दुसरी १,४२,८४८ ला. दोन्ही लेकरं आपल्या संख्येच्या दोन बाजूंना, बरोबर नऊ-नऊ पावलांवर येऊन उभी राहतात, आणि ती मधोमध बिनआईची. म्हणजे स्वयंभूसुद्धा.

६१७४ वाली क्रियाही तिच्यावर करून पाहण्याजोगी आहे. आकडे उतरत्या क्रमाने लिहायचे, चढत्या क्रमाने लिहायचे, वजाबाकी करायची आणि येईल त्यावर तेच करत राहायचं. चार आकडे सगळे सारखे नसले तर ही क्रिया ६१७४ वर येऊन थांबते. आपले सहा आकडे थांबत नाहीत. ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, आणि पुन्हा ७५०८४३. सात मुक्कामांचं कडं. त्यातला ८५१७४२ हा मुक्काम निरखून पाहा. आकडे आपल्याच संख्येचे आहेत, क्रम मोडलेला.

आता कुणी विचारेल, ह्याचा उपयोग काय? उपयोगाचा प्रश्न सोडून देऊ, तो संगीतालाही विचारतात. जास्त बोचरा प्रश्न आहे तो वजनाचा, आणि तो विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी ह्यांनी १९४० साली ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ ह्या संख्या समोर ठेवल्या. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट, म्हणजे दोन्ही स्वतःच्याच उलट्या रूपाच्या पटीत. चार आकड्यांत अशा ह्या दोनच. हार्डींचा निकाल असा की हे वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला ठीक आहे, गणितज्ञाला ह्यात घेण्यासारखं काही नाही. कापरेकरांची सगळी जमीन त्यांनी आखलेल्या रेषेच्या पलीकडे पडते.

हार्डींची बाजू कच्ची नाही. आपण दहाच्या गटांनी मोजतो ते हाताला दहा बोटं आहेत म्हणून. आठ बोटांच्या लोकांनी हीच संख्या आठाच्या गटांनी लिहिली असती तर ती ४२७०११ अशी दिसली असती. दुप्पट केली की त्यांच्याकडे १०५६०२२. ना तेच आकडे, ना तोच क्रम. त्यांच्या लेखी तिच्या आकड्यांची बेरीज पंधरा, आणि तिला पंधराने भाग जात नाही. हर्षदपण गेलं, गोल पंगतही गेली. राहिलं काय? तीन, तीन, तीन, अकरा, तेरा आणि सदतीस. राहिलं तिचं उणेपण. निकोमॅकसने पाडलेली घराणी संख्येच्या हाडामांसाची आणि कापरेकरांच्या जाती नुसत्या पेहरावाच्या, असं ह्यावरून म्हणता येईल.

पण त्या आठ बोटांच्या लोकांकडे जरा वेळ बसलं तर वेगळंच दिसतं. त्यांच्या पद्धतीत एक सप्तमांश ०.१११ असा नीरस चालतो, हे खरं. एक पंचमांश मात्र १४६३, १४६३ असा फिरतो. त्यांच्या १४६३ ची दुप्पट ३१४६, तिप्पट ४६३१, चौपट ६३१४. तीच पंगत, तोच न बदलणारा शेजार. त्यांच्याही एखाद्या देवळालीत कुणी मास्तर हे पाहून हरखले असते आणि त्यांच्या हार्डींनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. म्हणजे बोटांच्या हिशोबाने संख्या बदलली, घटना टिकली. कारण ती आकड्यांच्या लिखाणात नव्हतीच. दहा, शंभर, हजार अशा दहाच्या घातांना साताने भागत गेलं की बाक्या ३, २, ६, ४, ५, १ अशा सगळ्या येतात, हा दहा आणि सात ह्या दोन संख्यांमधला संबंध आहे. कुणी एकही आकडा कागदावर लिहिला नाही तरी तो तसाच राहील.

खुद्द हार्डींनाही हे ठाऊक होतं. १९३८ साली ई. एम. राइट ह्यांच्याबरोबर लिहिलेल्या संख्या सिद्धांताच्या जाड ग्रंथात दशांशांवर एक आख्खं प्रकरण आहे. त्याच्या खूप आधी, १८०१ मध्ये, गाऊसने आपल्या महाग्रंथाच्या शेवटी शंभराच्या आतल्या मूळ संख्यांचे आवर्ती दशांश कोष्टकात मांडले होते. आणि १८७४ साली इंग्लंडमधल्या विल्यम शँक्सने वीस हजारांखालच्या प्रत्येक मूळ संख्येचा दशांश किती आकड्यांनंतर पुन्हा सुरू होतो ते प्रसिद्ध केलं. शँक्स एका लहानशा गावात निवासी शाळा चालवत असे. हाताने, कागदावर, हजारो भागाकार. पेशानेही तो कापरेकरांचाच बिरादर.

अशी कोष्टकं वाढली की त्यांतून एक प्रश्न आपोआप वर येतो. साताप्रमाणे ज्यांच्या सगळ्या बाक्या एकाच कड्यात येतात अशा मूळ संख्या कोणत्या? शंभराच्या आत सात, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, सत्तेचाळीस, एकोणसाठ, एकसष्ट आणि सत्त्याण्णव. सतराची पंगत सोळा पाटांची: ०५८८२३५२९४११७६४७. मग अशा किती आहेत? कुठेतरी संपतात का? एमिल आर्टिनने १९२७ साली अंदाज बांधला की संपत नाहीत. शंभर मूळ संख्यांत सुमारे सदतीस ह्या प्रमाणात त्या येतच राहतात. १९६७ मध्ये क्रिस्टोफर हूली ह्यांनी तो सिद्ध केला, पण रीमानच्या गृहीतकाचं एक व्यापक रूप खरं मानून, आणि ते रूप स्वतःच अजून सिद्ध नाही. १९८४ मध्ये राजीव गुप्ता आणि राम मूर्ती, आणि १९८६ मध्ये हीथ-ब्राउन ह्यांनी कुठलंही गृहीतक उसनं न घेता बरीच मजल मारली. त्यातून एवढं निघालं की दहाच्या जागी दोन, तीन आणि पाच घेतले तर त्यांच्यापैकी निदान एकासाठी अशा मूळ संख्या अनंत आहेत. कुठल्या एकासाठी, ते बोट ठेवून सांगता येत नाही. आपल्या दहाच्या बाबतीत तर सिद्धता अजून कुणाकडेच नाही.

मला वाटतं वर्गवारीचा खरा लाभ हा आहे. संख्येला एखाद्या जातीत घातल्याने ती थोर होत नाही, उण्या घराण्यात टाकल्याने हलकीही होत नाही. पण जातीला नाव मिळालं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: हिच्यासारख्या आणखी किती? परिपूर्ण संख्यांबद्दल हा प्रश्न दोन हजार वर्षं अनुत्तरित आहे, आणि सातासारख्यांबद्दल तो शाळकरी भागाकारातून निघून आजच्या संशोधकांच्या टेबलावर पोचला आहे. हार्डींनी कोड्यांच्या सदरात पाठवलेला माल आणि गणितातला एक मोठा न सुटलेला प्रश्न ह्यांच्यामध्ये ‘असं का होतं’ एवढं विचारण्याचंच अंतर होतं. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न ह्या संख्येचे सगळे विभाजक, सगळी बिरुदं, सगळे मुक्काम दुपारभरात मांडून होतात. तिची भावंडं मोजायला बसलं की मात्र अजून तरी कुणाचा हिशोब पुरा झालेला नाही.